दगडफूल आणि रानससा : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

आज चिठ्ठ्या निघाल्या. सरांनी दोन डबे आणले होते, एकावर "वनस्पती" आणि दुसऱ्यावर "प्राणी", प्रत्येक जोडीने दोन्हीतून एकेक चिठ्ठी काढायची, मग त्या दोघांची तुलना, दहा रकान्यांचा तक्ता, फोटो, रोजची नोंदवही, ७ मार्चला सबमिशन. पुढच्या बेंचवाल्यांना आंबा आणि कोकीळ आली, त्यांचं अर्धं काम तिथेच झालं. आम्हाला दगडफूल आणि रानससा. अख्खा वर्ग हसला. पार्टनर म्हणाली, "सर, बदलून मिळेल का हो?" तर सर म्हणाले, "मसाला आणि मटण, चांगली जोडी आहे की." सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे मी मनातल्या मनात बोलले.

रकाने असे: नाव, गट, आकार, वजन, राहायची जागा, अन्न, प्रजनन, आयुष्य, शत्रू, माणसाशी संबंध. घरी येऊन सशाचे दहापैकी सात रकाने वीस मिनिटांत भरले. दगडफुलाचा एकही नाही.

१२ जानेवारी, रविवार

नाशिकच्या रविवार कारंज्यावर जाऊन दगडफूल आणलं, ५० ग्रॅमला ४० रुपये, आणि ५० ग्रॅम म्हणजे एवढी मोठी पिशवी होते हे माहीतच नव्हतं, वजनच नाही त्याला. दुकानदाराला विचारलं कुठून येतं, तो म्हणाला "डोंगरातून", विषय संपला.

घरी ताटात पसरून बघितलं. वरून राखाडी, खालून काळंकुट्ट, कडेला तपकिरी पट्टा, आणि कडा अशा मुरडलेल्या की जळलेल्या कागदाची आठवण यावी. वास लाकडासारखा, थोडा मातीसारखा. काळ्या मसाल्याला जो खोल वास येतो ना तेलात भाजल्यावर, त्यात याचा वाटा आहे, पण कच्चं हुंगलं तर काहीच कळत नाही.

आईला वाटायचं हे शेवाळ. पार्टनरला वाटायचं फूल. दोन्ही नाही. मराठीत पुस्तकी शब्द शैवाक, आणि शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल (स्वतःचं अन्न बनवणारे बारीक हिरवे जीव) एकत्र राहून झालेली वस्तू. म्हणजे पहिल्याच रकान्यात, नावाच्या, घोटाळा सुरू.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीच्या मांजामुळे बोट कापलंय, त्यामुळे आज ब्लेडचं काम पार्टनरने केलं.

लॅबमधून दहापट भिंग घेतलं. पिशवीतले तुकडे नीट बघितले तर ते सगळे एकसारखे नाहीत! काही तुकड्यांच्या पाठीवर बारीक बारीक बोटांसारखे उंचवटे, खसखशीपेक्षाही लहान. काहींच्या पाठीवर ते नाहीत पण कडेला पीठ सांडल्यासारखी पांढुरकी भुकटी. मॅडम म्हणाल्या उंचवटे म्हणजे आयसिडिया, भुकटी म्हणजे सोरेडिया, आणि ओळखायला सी टेस्ट करा. सी म्हणजे साधं ब्लीच. वरचं राखाडी साल ब्लेडने खरवडायचं, आतला पांढरा कापसासारखा थर उघडा करायचा, त्यावर काडीने एक थेंब.

उंचवटेवाल्या तुकड्यावर थेंब पडला आणि पांढरा थर लालभडक झाला, कुंकू सांडावं तसा, आणि आम्ही फोटो काढेपर्यंत पुसटही व्हायला लागला. पहिले दोन फोटो म्हणून वाया गेले. भुकटीवाल्यावर टाकला, काहीच नाही. ढिम्म.

लाल होणारं ते पार्मोट्रेमा टिंक्टोरम. भुकटीवालं आणि लाल न होणारं पार्मोट्रेमा परलाटम असावं, पुस्तकांत दगडफूल म्हणून बहुतेक त्याचंच नाव असतं. म्हणजे ४० रुपयांच्या एका पिशवीत निदान दोन जाती. सर म्हणतात "एक जात निवडा आणि पुढे चला". टिंक्टोरम निवडलं, कारण लाल होतं आणि लाल फोटोत चांगलं दिसतं, याहून शास्त्रीय कारण आमच्याकडे नाही.

१९ जानेवारी, रविवार

दिंडोरीकडे मामाच्या शेतावर. पहाटे साडेपाचला निघालो, स्कूटीवर हात गारठले, मखमलाबादच्या पुढे धुकं.

मामा ससा दाखवतो म्हणाला होता. हरभऱ्याच्या कडेने चालत गेलो, त्याने आधी लेंड्या दाखवल्या. हरभऱ्याएवढ्याच, गोल पण थोड्या चपट्या, सुकलेल्या, हातात घेऊन चुरल्या तर आतून निव्वळ गवताचा भुसा, वास नाही. मामा म्हणाला शेळीची लेंडी लांबुळकी आणि काळी चकचकीत असते, ही भुसभुशीत असते, चुकायचं नाही. त्याला शेंड्यांचे कातरेही माहितीयत, ससा कोवळा कोंब तिरका आणि स्वच्छ कापतो, विळ्याने कापावा तसा.

शेताच्या मागच्या टेकडीवर गेलो. गवत गुडघ्याएवढं, मधे मधे बेसाल्टचे काळे धोंडे, त्यांच्यावर पिवळे आणि राखाडी चट्टे, दगडाला चिकटून बसलेली शैवाकं. पार्टनर चट्ट्यांना खडूने नंबर घालत होती, दगड क्रमांक १, २, ३. चौथ्याकडे जाताना तिच्या पायापासून दोन हातांवर गवत फुटलं आणि ससा गेला. मला फक्त मागचे पाय आणि कान दिसले. तिला काहीच दिसलं नाही, ती किंचाळत होती.

ज्या जागेवरून उठला ती जागा बघितली. बीळ नाही. रानससा बीळ करतच नाही, गवतात अंग दाबून बसतो तेवढाच खड्डा, मागच्या बाजूला थोडा खोल, पुढे उथळ. मी हात ठेवला, कोमट होतं. बाजूचं गवत गार आणि दवाने ओलं, आणि मधे तळहाताच्या दोन-अडीचपट जागा कोरडी कोमट.

फोटो एकच आला आणि त्यात ससा म्हणजे तपकिरी रेघ. शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस, नायग्रिकोलिस म्हणजे काळ्या मानेचा. मान कुठली दिसायला, शेपूटसुद्धा नाही दिसली.

मामा म्हणाला त्याच्या लहानपणी वाघूर लावायचे सशाला, चार माणसं गवत बडवत यायची आणि ससे जाळ्यात शिरायचे. ससेहोलपट हा शब्द मी आयुष्यभर वापरलाय, उन्हात रिक्षा मिळाली नाही तरी वापरलाय, आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभा राहिला.

२३ जानेवारी, गुरुवार

गट हा रकाना. सशाचं सोपं वाटलं होतं, तिथेही चुकलो. मी "कृंतक" लिहिलं होतं, उंदीर-खार यांच्यात. मॅडमनी खोडलं. सशाला वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे अजून दोन बारके दात असतात खुंटीसारखे, उंदराला नसतात, त्यामुळे ससे वेगळ्या गणात. आणि आमच्या तक्त्यावर पार्टनरने हौसेने पांढऱ्या गुबगुबीत लाल डोळ्यांच्या सशाचा फोटो चिकटवला होता, तोही काढायला लावला. पेट शॉपमधला तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, रानससा नाही, दोघांचे गुणसूत्रांचे आकडेही वेगळे (४४ आणि ४८).

आता दगडफूल. शैवाकाला जे शास्त्रीय नाव देतात ते नियमाप्रमाणे फक्त आतल्या बुरशीचं असतं. आतल्या शैवालाचं नाव वेगळं, आमच्याच्यात ते ट्रेबुक्सिया गटातलं. म्हणजे मी नावाच्या रकान्यात पार्मोट्रेमा टिंक्टोरम लिहिलं ते घरमालकाचं नाव झालं, भाडेकरूचं राहिलंच. (पार्टनरच्या मते उलटं, स्वयंपाक शैवाल करतं म्हणजे घर त्याचंच.)

आणि आज जे कळलं ते मी दोनदा वाचलं. बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. वंशवृक्षात बुरशी आणि प्राणी एका फांदीवर, वनस्पतींची फांदी वेगळी. म्हणजे दगडफुलातली बुरशी ज्या झाडावर बसलीय त्या झाडापेक्षा सशाची जास्त नातेवाईक, लांबची का होईना, अब्जभर वर्षांपूर्वीचा पूर्वज, पण नातेवाईक. आणि आतलं हिरवं शैवाल मात्र झाडाकडचं. सरांनी ही चिठ्ठी "वनस्पती"च्या डब्यात टाकली होती! सांगायला गेले तर म्हणाले, "मग तसं लिहा." चिडले नाहीत, उलट खूश झाल्यासारखे वाटले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून अंजनेरीच्या डोंगरावर. तोडायचं काही नाही असं सरांनी बजावलंय, खाली पडलेली फांदी मिळाली तरच उचलायची. गंमत म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकापासून निघालो तेव्हापासून रस्त्याकडेची झाडं बघत होतो. चौकातल्या झाडांच्या खोडावर पानासारखं शैवाक एकही दिसलं नाही, त्र्यंबक रोडने बरंच पुढे गेल्यावर मग खोडांवर राखाडी झालर दिसायला लागली. ही गोष्ट १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या माणसाने पॅरिसच्या बागेत बघून लिहिली होती, की शहराच्या हवेत शैवाकं टिकत नाहीत. कारण त्यांना मुळं नाहीत, सालही पाणी-धूर अडवणारं नाही, हवेत जे येईल, पाणी असो नाहीतर गंधकाचा धूर, ते सगळ्या अंगाने आत. शहरात ससाही नसतो पण त्याचं कारण कुत्री आणि सिमेंट.

एक पडलेली फांदी मिळाली, आमचं टिंक्टोरम (घरी ब्लीच टाकून खात्री केली, लाल). कोरडी होती, चिप्ससारखी मोडत होती. पाण्याच्या स्प्रेने भिजवली. मोबाईलचा टायमर लावून बसलो. अर्ध्या मिनिटात राखाडी रंग मळकट झाला, दोन मिनिटांत हिरवट, पाच मिनिटांत चक्क हिरवा आणि मऊ, कोथिंबिरीसारखा लवचिक. वरचं साल ओलं झालं की पारदर्शक होतं आणि खालचा शैवालाचा थर दिसतो, एवढंच. पण "एवढंच" म्हणून होत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात महिनोन् महिने कोरडं ठणठणीत पडून राहायचं, श्वाससुद्धा जवळजवळ बंद, आणि पहिला शिडकावा आला की मिनिटांत कामाला लागायचं. ससा उन्हाळ्यात काय करतो, सावलीला बसतो. त्याला थांबताच येत नाही, थांबला तर मेला.

२९ जानेवारी, बुधवार

वजनाचा रकाना. लॅबचा काटा बंद (दोन महिने झाले, कुणाला सांगायचं). सराफ बाजारात ओळखीच्या काकांकडे गेलो, त्यांनी आधी विचारलं "काय आणलंय, चांदी का सोनं?" पिशवीतून दगडफूल काढल्यावर दुकानातली दोन गिऱ्हाईकं पण बघायला आली. कोरडं १.८ ग्रॅम, भिजवून पाणी निथळल्यावर ४.३ ग्रॅम. काका म्हणाले असं सोनं असतं तर. सशाच्या रकान्यात "२ ते ३ किलो" लिहून झालंय, दगडफुलाच्या रकान्यात काय लिहायचं, कोरडं का ओलं? दोन्ही लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आयुष्य. मामाच्या गावाजवळच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्यात एक दगड आहे, त्यावर १९७८ कोरलंय आणि त्या अक्षरांवरच एक पिवळट चट्टा चढलाय, "८" अर्धा झाकलाय. चट्टा मोजला, आरपार ३८ मिलिमीटर. पार्टनरने लगेच ३८ भागिले ४७ करून वर्षाला ०.८ लिहिलं. मॅडमनी खोडलं, चट्टा मधून सगळीकडे वाढतो, म्हणजे त्रिज्या घ्या, १९ भागिले ४७, म्हणजे ०.४ मिलिमीटर. आणि तेही "किमान", कारण दगड बसवला त्याच दिवशी चट्टा उगवला कशावरून, नंतर उगवला असेल तर याच्यापेक्षा जोरात वाढला. रोलँड बेशेल या माणसाने १९५० च्या आसपास याच हिशोबाने आल्प्समधले हिमनदीने सोडलेले दगड किती काळ उघडे आहेत ते काढलं होतं. आम्ही बंधाऱ्यावर. हे दगडावरचं चिकट शैवाक आहे, आमचं पानाचं टिंक्टोरम नाही, हे तक्त्यात खाली तारा करून लिहायचं.

रानातला ससा काही वर्षं जगतो, तेवढीही बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत. हा चट्टा माझ्या आईपेक्षा थोडाच लहान.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी बसून अन्न आणि प्रजनन. भांडण झालं.

सशाचं अन्न मी "गवत, पाला, कोवळे कोंब" लिहिलं होतं. बरोबर पण अर्धं. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. मामाने दाखवल्या त्या कोरड्या लेंड्या, आणि दुसरी मऊ, ती जमिनीवर पडूच देत नाही, तिथल्या तिथे तोंड लावून परत खातो. पार्टनर म्हणाली शी, हे लिहायचं नाही, मी म्हणाले हेच लिहायचं. कारण गवत ससा एकटा पचवूच शकत नाही, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पिशवीसारखा मोठा भाग असतो, त्यातले जीवाणू ते आंबवतात, जीवनसत्त्वं बनवतात, आणि ती मिळवायला माल परत वरून घ्यावा लागतो. मग अन्नाच्या रकान्यात सशाचं नाव आणि जीवाणूंचं नाही, हे दगडफुलाच्या नावासारखंच झालं की. हे मी बोलल्यावर ती गप्प बसली, मग म्हणाली ससा जीवाणूंशिवाय ससाच दिसतो पण बुरशी शैवालाशिवाय दगडफूल दिसत नाही. हा मुद्दा मला खोडता आला नाही. बाटलीत एकटी वाढवली तर ती बुरशी नुसता गोळा होते, पान होत नाही.

शैवाल साखर बनवतं, बुरशी ती घेते. बदल्यात काय देते यावर माणसं दीडशे वर्षं भांडतायत. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६० च्या दशकात पहिल्यांदा म्हटलं की शैवाक म्हणजे दोन जीव, बुरशी मालक आणि शैवाल गुलाम, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आणि २०१६ मध्ये कळलं की बऱ्याच शैवाकांच्या सालात तिसरा जीवही असतो, यीस्ट.

प्रजनन त्यामानाने पटकन झालं. रानससीची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, कारण बीळच नाही तर लपणार कुठे (बिळातल्या सशाची बिनकेसांची आणि आंधळी असतात). आणि टिंक्टोरमच्या पाठीवरची ती खसखशीसारखी बोटं मोडून वाऱ्याने जातात, प्रत्येकात बुरशी आणि शैवाल दोन्ही, शिदोरी बांधूनच घराबाहेर. नुसता बुरशीचा बीजाणू गेला तर त्याला पोचल्यावर शैवाल शोधत बसावं लागतं. हा एक रकाना तुलनेसारखा वाटला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघी पौर्णिमा. गच्चीत आजीने चंद्रावरचा ससा दाखवला, मी आजवर कधी नीट बघितलाच नव्हता. शशांक, शशी, सगळी नावं त्याच्यावरून. तक्त्यात "माणसाशी संबंध" मध्ये टाकलं. दगडफुलाकडून तिथे काळा मसाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईने वर्षाचा मसाला केला. ओट्याखालच्या डब्यातलं दगडफूल घेतलं. त्या डब्यात फक्त बाजारचं नव्हतं, "अंजनेरी, २६ जाने., नमुना १" असं लिहिलेलं पाकीटही होतं. पाकीट कचऱ्यात, नमुना तेलात भाजून लवंग-दालचिनीबरोबर दळून आलाय. आई म्हणते मला वाटलं तू आणून ठेवलंस. पार्टनरला फोन केला, ती पाच मिनिटं नुसती हसत होती. सुदैवाने वजन आणि सी टेस्ट आधी झालीय, फोटो आहेत. मसाला छान झालाय.

२३ फेब्रुवारी, रविवार

दगडांचे शेवटचे फोटो काढायला टेकडीवर गेलो. टेकडी काळी. गुरुवारी रात्री वणवा लागला म्हणे, लागला म्हणजे कुणीतरी लावला, जाळलं की गवत चांगलं येतं असं अजून मानतात. पायाखाली राख, चालताना बुटातून ऊब यावी असं वाटत होतं पण गार होती.

सशाची ती जागा शोधली, जागाच नाही, गवत नाही तर खड्डा कसला. मामा म्हणाला मोठा ससा पळतो, पिल्लं नाही पळत, ती हलत नाहीत, दबून बसतात, आई सांगूनच जाते तशी. जी सवय कोल्ह्यापासून वाचवते तीच आगीत. आम्हाला पिल्लू दिसलं नाही, शोधलंही नाही नीट, खरं सांगायचं तर नको वाटलं.

दगड क्रमांक १ आणि २ उघड्या खडकावर, त्यांना काही नाही. ३ ची एक बाजू काळी. ४ ला गवत चिकटून होतं, तिथला राखाडी चट्टा खडूसारखा पांढरा पडलाय, नखाने पापुद्रा निघाला. वरच्या टोकावर दोन बोटं रुंद पट्टी शाबूत आहे. पाणी मारून बघितलं, हिरवी झाली. खालच्यावर मारलं, नुसतं ओलं झालं.

शत्रूच्या रकान्यात मी सशापुढे कोल्हा, बिबट्या, गरुड, कुत्री लिहिली होती आणि दगडफुलापुढे धूर, गोगलगाय. दोन्हीकडे वणवा लिहिला.

५ मार्च, बुधवार

तक्ता फेअर केला. रात्री दीड. स्केचपेन संपलं, शेवटचे तीन रकाने निळ्याऐवजी जांभळे.

७ मार्च, शुक्रवार

सबमिशन. बाहेरून आलेल्या मॅडमनी तक्ता बराच वेळ बघितला आणि विचारलं, "वजनाच्या रकान्यात दोन आकडे का?" सराफ बाजाराचं सांगितलं, त्या हसल्या. मग विचारलं, "नावाच्या रकान्यात तीन नावं का?" तिथे मी आणि पार्टनर एकदम बोलायला लागलो आणि दोघींचं उत्तर वेगळं होतं. २० पैकी १७. आंबा-कोकिळेला १८.

सरांनी तक्ता परत दिला, त्यावर पेन्सिलने एकच खूण, अन्नाच्या रकान्यात सशाकडे, "जीवाणूंची नावं?"

राहिलेलं काम: जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दगड क्रमांक ४ परत बघणे. खडूचा नंबर गेलाय, पण डाव्या हाताला अर्धवट जळालेलं बोरीचं झुडूप आहे, त्याच्यापासून सात पावलं.